डॉ. एम. के. मणी: डायलिसिसच्या मशीनपासून गावातल्या परीक्षानळीपर्यंत



टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नवा फोन, नवी चिप, नवं मशीन येतं. जितकं महाग, तितकं भारी, असं आपण धरून चालतो. आज मी एका अशा डॉक्टरबद्दल लिहितोय ज्यांनी हा हिशोब उलटा मांडून दाखवला. त्यांचं नाव डॉ. मुथुकृष्ण मणी. वैद्यकीय जगात सगळे त्यांना डॉ. एम. के. मणी म्हणूनच ओळखतात. भारतात किडनीच्या आजारांवरचं शास्त्र, म्हणजे नेफ्रॉलॉजी, नुकतंच रुजत होतं, त्या काळातल्या पहिल्या फळीतले हे डॉक्टर. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्यांनी मुंबईत देशातल्या एका अत्यंत प्रसिद्ध रुग्णावर डायलिसिसचे उपचार केले. आणि पुढे चेन्नईजवळच्या गावांमध्ये लघवीची साधी टेस्ट आणि बीपीचा पट्टा घेऊन काम उभं केलं. हे असं का, ते समजून घ्यायचं तर आधी किडनी आणि डायलिसिस म्हणजे काय ते बघावं लागेल. चला तर मग, सुरुवात करूया.

## किडनी नेमकं काय करते?

किडनी म्हणजे मूत्रपिंड. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, दोन. एकेकीचं वजन साधारण १५० ग्रॅम. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात.

या गाळण्या दिवसभरात जवळपास १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. तुम्ही म्हणाल, मग आपण दिवसाला १८० लिटर लघवी का करत नाही? कारण त्यातलं ९९ टक्के पाणी आणि कामाचे क्षार किडनी परत रक्तात घेते. उरतं फक्त दीड लिटरच्या आसपास.

शिवाय किडनी बीपी सांभाळते, रक्तातलं पोटॅशियम आटोक्यात ठेवते, आणि लाल पेशी बनवण्यासाठी लागणारं हार्मोनही तीच तयार करते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. किडनी तक्रार करत नाही. दात किडला तर ठणकतो, गुडघा झिजला तर दुखतो. किडनीचं तसं नाही. काही नेफ्रॉन गेले तर उरलेले जास्त काम करतात आणि माणसाला काहीच जाणवत नाही. किडनीचं निम्मं काम बंद पडलं तरी अनेकांचा नेहमीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळपास नॉर्मल दिसू शकतो. पायावर सूज, दम लागणं, उलट्या, अंगाला खाज हे सगळं सुरू होतं तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण डॉ. मणींचं पुढचं सगळं काम याच्याभोवती फिरतं.

## डायलिसिसचं मशीन कसं चालतं?

किडनी बंद पडली तर रक्त शरीराबाहेर काढून गाळायचं आणि परत आत सोडायचं, ही मूळ कल्पना. ती प्रत्यक्षात आणली नेदरलँड्सच्या विलेम कोल्फ या डॉक्टरने. साल १९४३, दुसरं महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात. सामान मिळत नव्हतं. कोल्फने सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी एका फिरत्या ड्रमभोवती गुंडाळली, नळीतून रक्त फिरवलं आणि ड्रम मिठाच्या पाण्यात बुडवला. सेलोफेनला इतकी बारीक छिद्रं असतात की युरियासारखी घाण पाण्यात उतरते, पण रक्तपेशी आतच राहतात. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई या मशीनमुळे वाचली आणि ही कल्पना चालते हे सिद्ध झालं.

पण अजून एक अडचण होती. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागायची, म्हणजे काही दिवसांत जागाच संपायची. १९६० साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली. तिथून डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं. आज हातातली शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडून फिस्टुला करतात आणि त्यातच सुया घालतात.

आजचं गणित साधारण असं असतं:

- आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास
- मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर शुद्ध द्रावण वाहतं, म्हणजे एका वेळेला जवळपास १२० लिटर
- वर्षाला १५६ वेळा, म्हणजे एका रुग्णासाठी सुमारे १८,७०० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर!

आणि एवढं करूनही मशीन खऱ्या किडनीच्या कामाचा थोडाच भाग करतं. किडनी चोवीस तास चालते, मशीन आठवड्याचे बारा तास.

## भारतात किडनीचं शास्त्र कसं सुरू झालं?

आपल्याकडे १९६० च्या दशकात डायलिसिस मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांतच होतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९६५ साली डॉ. पी. के. सेन यांनी मृत व्यक्तीची किडनी बसवून देशातला पहिला किडनी ट्रान्सप्लांट केला, पण तो रुग्ण फार दिवस जगला नाही. जिवंत दात्याच्या किडनीचा पहिला यशस्वी ट्रान्सप्लांट १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाला. चंडीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. कृपाल सिंग चुघ यांनी नेफ्रॉलॉजीचं मोठं केंद्र उभं केलं.

मुंबईत जसलोक हॉस्पिटलचं उद्घाटन ६ जुलै १९७३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. या जसलोकमध्ये किडनी विभागाची जबाबदारी होती डॉ. मणींवर.

## जेपी, जसलोक आणि एक खोटी बातमी

आता जरा इतिहास. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि त्याच रात्री जयप्रकाश नारायण, म्हणजे जेपी, यांना अटक झाली. त्यांना चंडीगडच्या पीजीआयमध्ये स्थानबद्ध ठेवलं होतं. तिथे त्यांची तब्येत खालावत गेली. १२ नोव्हेंबर १९७५ ला त्यांची सुटका झाली आणि त्याच महिन्यात त्यांना मुंबईला जसलोकमध्ये आणलं. दोन्ही किडन्या कायमच्या गेल्या होत्या. वय ७३.

म्हणजे बघा, ज्या हॉस्पिटलचं उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं, तिथेच त्यांचे सगळ्यात मोठे विरोधक मशीनला जोडले गेले. उपचार करणारे किडनीचे डॉक्टर होते डॉ. मणी. जेपींच्या डायलिसिस मशीनसाठी देशभरातून लोकांनी वर्गणी काढली.

मशीनमुळे जेपी जवळपास चार वर्षं जगले. नुसते जगले नाहीत. १९७७ ची निवडणूक, जनता पक्षाचं सरकार हे सगळं याच काळातलं. देशाचं राजकारण बदलणारा माणूस आठवड्यातले अनेक तास मशीनला जोडलेला असायचा. ही ताकद आहे त्या तंत्राची, आणि ती मान्य करायलाच हवी.

फेक न्यूज व्हॉट्सअ‍ॅपमुळे सुरू झाली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक किस्सा. मार्च १९७९ मध्ये जेपी जसलोकमध्ये गंभीर होते. दिल्लीत पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची बातमी जाहीर केली. श्रद्धांजली झाली, सभागृह तहकूब झालं, रेडिओवर बातमी गेली. आणि जेपी इकडे मुंबईत जिवंत! त्यांचं निधन त्यानंतर सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९७९ ला, पाटण्यात झालं.

## एकाचं झालं, बाकीच्यांचं काय?

जेपींसाठी देश धावून आला. पण किडनी तर शेतमजुराचीही जाते, रिक्षावाल्याचीही जाते. डायलिसिस एकदा करून भागत नाही. ते आयुष्यभर, आठवड्याला तीनदा करायचं असतं. त्या काळात सरकारी मदतीच्या योजना नव्हत्या. घर विकून काही महिने डायलिसिस करायचं, पैसे संपले की बंद, आणि मग माणूस जातो. मागे कर्ज राहतं. किडनीच्या प्रत्येक डॉक्टरने हे पुन्हा पुन्हा पाहिलं.

डॉ. मणींनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं ‘यमराजाज ब्रदर’, म्हणजे यमराजाचा भाऊ. हे पुस्तक भारतीय विद्या भवनाने १९८९ साली छापलं. वैद्याला यमाचा भाऊ म्हणून चिडवणारं एक जुनं संस्कृत सुभाषित आहे. यम बिचारा फक्त प्राण नेतो, वैद्य पैसाही नेतो, असा त्यातला टोमणा. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाने आपल्या पुस्तकावर हा टोमणा मिरवावा, यातच मला त्यांचा स्वभाव दिसतो.

आता आजचे आकडे बघा. सरकारच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या लोकांची किडनी पूर्ण निकामी होते आणि त्यांच्यासाठी वर्षाला ३.४ कोटी डायलिसिस लागतील. हा आकडा आपण स्वतः तपासू शकतो. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा: आठवड्याला ३, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे १५६. त्याला २.२ लाखांनी गुणा. आलं ना ३.४३ कोटी? आणि हे फक्त एका वर्षाच्या नव्या रुग्णांचं. पुढच्या वर्षी आणखी २.२ लाख येणार.

मशीनं कितीही वाढवली तरी रांग त्याहून वेगाने वाढते. डॉ. मणी हेच त्यांच्या लेखांतून सांगत आले: भारतासारख्या देशाला किडनी निकामी झालेल्या प्रत्येकावर डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट करणं झेपणारं नाही. म्हणून किडनी निकामी होऊच न देणं हाच मार्ग.

## मग ट्रान्सप्लांट का नाही?

ट्रान्सप्लांट हा डायलिसिसपेक्षा चांगला उपाय आहे. पण किडनी आणायची कुठून?

१९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन नावाचं औषध आलं. आपलं शरीर परकी किडनी नाकारतं, ते या औषधाने बरंच आटोक्यात आलं. त्यामुळे नात्याबाहेरच्या माणसाची किडनीही चालू लागली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. गरीब माणसं किडनी विकू लागली. मुंबई, चेन्नई ही त्या धंद्याची मोठी ठिकाणं.

डॉ. मणी तोवर चेन्नईला आले होते. १९८३ साली सुरू झालेल्या अपोलो हॉस्पिटलमध्ये ते मुख्य नेफ्रॉलॉजिस्ट म्हणून काम करू लागले. काही डॉक्टर तेव्हा उघडपणे म्हणत होते की विकणाऱ्याला पैसे मिळतात, घेणाऱ्याचा जीव वाचतो, मग चूक काय? डॉ. मणींनी याला ठाम विरोध केला आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथांत त्याविरुद्ध लिहिलं. पुढे १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. अवयवांची विक्री गुन्हा ठरली आणि मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याला कायदेशीर मान्यता मिळाली.

पण कायद्याने बाजार बंद केला म्हणून किडन्या वाढत नाहीत. दाते आजही कमीच आहेत. म्हणजे फिरून आपण त्याच प्रश्नावर येतो: किडनी जाऊ नये म्हणून काय करायचं?

## गावातलं मॉडेल: दोन परीक्षानळ्या आणि बीपीचा पट्टा

किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे शुगर आणि बीपी. दोन्ही आजार गुपचूप येतात आणि दोन्ही औषधांनी आटोक्यात राहतात. मग लोक हॉस्पिटलमध्ये येण्याची वाट कशाला बघायची?

डॉ. मणींच्या किडनी हेल्प ट्रस्टने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चेन्नईजवळच्या ग्रामीण भागात काम सुरू केलं. सुरुवातीला लोकसंख्या सुमारे २५,०००. पद्धत अशी होती:

१. माणसं गावातलीच. शाळा शिकलेल्या स्थानिक मुलींना प्रशिक्षण दिलं. घरोघरी जायचं काम त्यांचं. त्या ओळखीच्या, म्हणून दार उघडलं जायचं.

२. काही ठरलेले प्रश्न. लघवीचा काही त्रास आहे का, सूज येते का, वगैरे.

३. लघवीत प्रोटीन आहे का? लघवीत सल्फोसॅलिसिलिक अ‍ॅसिड टाकायचं. प्रोटीन असेल तर लघवी दुधासारखी गढूळ होते. चांगली गाळणी प्रोटीनला जाऊ देत नाही. ते बाहेर येतंय म्हणजे गाळणी फाटायला लागली आहे.

४. लघवीत साखर आहे का? हे तर तुम्ही कॉलेजच्या प्रॅक्टिकलला केलं असेल. बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे थेंब, आणि गरम करायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असं जसजसं होत जाईल तशी साखर जास्त.

५. बीपी. पाच वर्षांवरच्या सगळ्यांचं मोजायचं.

ज्यांच्यात काही सापडेल त्यांनाच डॉक्टर तपासणार, रक्ताची तपासणी करणार आणि औषध देणार. हजारो लोकांना डॉक्टरसमोर उभं करायची गरज नाही. डॉक्टरचा वेळ सगळ्यात महाग, म्हणून तो सगळ्यात शेवटी वापरायचा. आपल्या टेकच्या भाषेत सांगायचं तर हा एक फिल्टर आहे: पहिला टप्पा स्वस्त आणि सगळ्यांसाठी, दुसरा महाग आणि थोड्यांसाठी.

## औषधंही स्वस्तातली

इथे मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग येतो. बीपीसाठी ट्रस्टने नव्या, महागड्या गोळ्या घेतल्या नाहीत. रेझरपिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रलाझिन अशा जुन्या गोळ्या वापरल्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड. सगळ्या अनेक दशकं वापरात असलेल्या, पेटंटच्या कटकटीबाहेरच्या.

यातलं रेझरपिन मिळतं सर्पगंधेच्या मुळापासून. आणि सर्पगंधा बीपीवर काम करते हे जगभरच्या डॉक्टरांपुढे नीट पुराव्यासह मांडलं मुंबईच्या केईएमशी जोडलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये. म्हणजे मुंबईतल्या एका डॉक्टरच्या संशोधनाचा धागा पन्नास वर्षांनी तमिळनाडूतल्या खेड्यांपर्यंत पोचला. रेझरपिन आज फारसं कोणी लिहून देत नाही. त्याचे साइड इफेक्ट आहेत आणि त्याहून चांगल्या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत. पण गाव परवडेल अशाच औषधावर चाललं पाहिजे, हा विचार तेव्हा बरोबर होता आणि आजही आहे.

## निकाल काय लागला?

डॉ. मणींनी हे अनुभव ‘किडनी इंटरनॅशनल’ या जगातल्या मोठ्या जर्नलमध्ये छापले. थोडक्यात सांगतो:

- बीपीच्या रुग्णांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांचं बीपी १४०/९० च्या आत आलं.
- शुगरच्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचं एचबीएवनसी ७ च्या खाली आलं.
- ज्या गावांत आधीपासून काम चालू होतं तिथे किडनीचं काम मंदावलेल्यांचं प्रमाण, नव्याने जोडलेल्या गावांपेक्षा कमी दिसलं.
- खर्च आला माणशी वर्षाला अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी.

शेवटचा मुद्दा परत वाचा. माणशी, वर्षाला. तेवढ्यात आज आपला एका दिवसाचा डेटा पॅकसुद्धा जेमतेम होतो.

हे मॉडेल परिपूर्ण होतं असं मी म्हणणार नाही. ही चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी नव्हती, त्यामुळे गावागावांतला फरक पूर्णपणे या कामामुळेच पडला असं छातीठोक सांगता येत नाही. दगड, जन्मजात दोष, काही प्रकारची सूज अशा कारणांनी जाणाऱ्या सगळ्या किडन्या या पद्धतीने वाचत नाहीत. आणि लघवीत साखर दिसेपर्यंत रक्तातली साखर बरीच वाढलेली असते, म्हणून सुरुवातीचा मधुमेह यातून निसटू शकतो. पण काहीच न करणं आणि इतक्या कमी पैशांत एवढं करणं, यात कोणती बाजू घ्यायची ते उघड आहे.

## आता हे सगळं मोबाईलवर येईल का?

काही अंशी आलंय. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रकारचं प्रोटीन, घरच्या घरी तपासणाऱ्या एका मोबाईल किटला अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये मंजुरी दिली. पट्टी लघवीत बुडवायची, सोबत आलेल्या रंगीत बोर्डवर ठेवायची आणि फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायची. तो बोर्ड कशासाठी? खोलीतला प्रकाश पिवळा असेल तर रंग वेगळा दिसतो, प्रत्येक फोनचा कॅमेराही वेगळा. बोर्डवरचे ठरलेले रंग बघून अ‍ॅप आधी प्रकाशाचा फरक काढून टाकतं आणि मग पट्टीचा रंग वाचतं. गावातली मुलगी डोळ्यांनी जे बघायची तेच काम आता कॅमेरा करतो.

पण प्ले स्टोअरवर मिळेल त्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी अ‍ॅप्स आठवतात? २०१६ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अशा एका खूप विकल्या गेलेल्या अ‍ॅपची तपासणी केली. बीपी जास्त असलेल्या दहांपैकी जवळपास आठ जणांना अ‍ॅपने ‘नॉर्मल’ सांगितलं होतं! दंडाला पट्टा बांधणारं साधं डिजिटल मशीन यापेक्षा कितीतरी भरवशाचं. आणि हो, कुठलंही स्मार्टवॉच आज तुमची किडनी कशी आहे ते सांगत नाही. पावलं मोजा, झोप बघा, पण किडनीसाठी लघवी आणि रक्तच द्यावं लागतं.

## तुम्ही काय करायचं?

तुम्ही विशी-पंचविशीत असाल तर तुमची स्वतःची किडनी बहुतेक ठणठणीत असेल. पण घरात बघा. आई, बाबा, काका, आत्या यांच्यापैकी कोणाला शुगर किंवा बीपी आहे का? असेल तर वर्षातून एकदा या दोन टेस्ट झाल्या आहेत का ते विचारा:

लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. ३० च्या खाली असेल तर ठीक. जास्त आलं तर घाबरू नका. ताप किंवा जोराच्या व्यायामानेही तात्पुरतं वाढतं. डॉक्टर पुन्हा करायला सांगतात.

रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष यावरून एका सूत्राने हा आकडा निघतो. ९० च्या वर चांगला. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा आजार. १५ च्या खाली म्हणजे किडनी जवळपास बंद.

रिपोर्टवर नुसतं क्रिएटिनिन लिहिलं असेल तर ‘ईजीएफआर किती?’ असं डॉक्टरांना विचारा. बरेचदा क्रिएटिनिन नॉर्मलच्या रकान्यात बसतं, पण वयाच्या मानाने ईजीएफआर घसरलेला असतो.

अजून एक. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून महिनोन्महिने घेणारे लोक प्रत्येक घरात असतात. ते आधी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. भस्मं, चूर्णं घेताना त्यात काय आहे ते माहीत नसेल तर तिथेही हेच.

## काही नेहमीचे प्रश्न

भरपूर पाणी प्यायलं की किडनी साफ होते का?
तहान भागेल इतकं पाणी प्या. मुतखडा होणाऱ्यांना जास्त पाण्याचा फायदा होतो. पण पाण्याने शुगर-बीपीचं नुकसान धुऊन निघत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर जास्त पाणी त्रासदायकही ठरतं.

जिममध्ये क्रिएटिन घेतो, क्रिएटिनिन वाढलं. किडनी गेली का?
क्रिएटिन घेतल्याने रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, किडनी चांगली असूनही. पण स्वतः निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांना सप्लिमेंटबद्दल सांगा, ते खात्री करून घेतील.

घरात कोणाला डायलिसिस लागलं तर मदत मिळते का?
हो. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत केंद्रं सुरू झाली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. जवळच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद करू का?
गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलंय! डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. गावातल्या त्या मुलींचं अर्धं काम हेच होतं, लोकांना गोळी सोडू न देणं.

## शेवटी

जेपींना चार वर्षं मिळाली ती मशीनमुळे, आणि अशी मशीनं प्रत्येक तालुक्यात हवीत यात वाद नाही. पण डॉ. मणींसारखा, मशीनची पूर्ण ताकद जवळून पाहिलेला डॉक्टर जेव्हा सांगतो की खरा जीव परीक्षानळीतल्या गढूळ पाण्याकडे वेळेवर बघितल्याने वाचतो, तेव्हा ते ऐकायला हवं. माझ्या लेखी तीही टेक्नॉलॉजीच आहे, आणि ती माणशी वर्षाला काही रुपयांत चालते.

हा लेख आवडला तर फॅमिली ग्रुपवर नक्की पाठवा. गुड मॉर्निंगच्या फुलांच्या फोटोमध्ये एखाद्या दिवशी हेही चालून जाईल. आणि पाठवल्यावर घरी एकच प्रश्न विचारा: ‘लघवीची टेस्ट शेवटची कधी केली होती?’